मोटार का जळते?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या मोटारीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेतल्या एका मित्राने तर 'तू जमाखर्च सांभाळ, तारा आम्ही सांभाळतो' असे मला तोंडावर सांगितले. परंतु आमच्या बोरगावात मोटार हा विषय शास्त्राच्या पुस्तकापुरता राखून ठेवण्याइतका दूरचा नाही. दूधगंगेतून पाणी उपसणारी मोटार, गिरणीतली मोटार, मागाखालची मोटार, गुऱ्हाळावरची मोटार, घराच्या टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटार; जिचा कोणत्याच मोटारीशी संबंध नाही अशी चूल गावात शोधावी लागेल. आणि 'मोटार जळली' हे वाक्य कधी मराठीतून, कधी 'मोटार सुट्टु होयितु' असे कन्नडमधून सतत कानांवर पडत असते. ती कशाने जळली हे सांगणारा मात्र क्वचितच भेटतो. वीज वाईट होती, नशीब वाईट होते, नाहीतर वाइंडिंगवाला लबाड होता, या तीनपैकी एक कारण ठरलेले असते.

आमची पिठाची गिरणी आहे. तिची १० अश्वशक्तीची मोटार दोन वर्षांपूर्वी चार-पाच महिन्यांच्या अंतराने दोनदा जळली, तेव्हा आम्हीही तिसरे कारण धरून बसलो होतो. पहिल्यांदा ती जळली ती ऐन दिवाळीच्या आठवड्यात. भाजणीचे, बेसनाचे, अनारशाच्या तांदळाचे डबे ओळीने मांडलेले, आणि दुपारी आईला करपल्याचा वास आला. आईने बटण दाबून मोटार बंद केली तेव्हा आतून धूर येत होता. सगळे डबे उचलून आम्हीच दुसऱ्या गिरणीत पोहोचवले. वर्षभरात जी चार पैशांची कमाई व्हायची ती त्याच दिवसांत होते, हे गिरणीवाल्याला सांगावे लागत नाही. वाइंडिंगला साडेसात हजार रुपये गेले. शिमग्याच्या सुमारास तीच मोटार पुन्हा जळली, तेव्हा आप्पा वाइंडिंगवाल्या मामांना चारचौघांत नको ते बोलले आणि मागचे राहिलेले दीड हजार रुपये त्यांनी अडवून ठेवले. मामा काही बोलले नाहीत. जळलेली मोटार त्यांनी पुन्हा गाडीत घातली आणि नेली.

खरे कारण पुढे कळले. ते सांगण्याआधी मोटार ही काय वस्तू आहे, तिच्या अंगावरच्या पाटीत काय लिहिलेले असते, हे थोडे समजून घ्यावे लागेल; कारण आमची चूक त्या पाटीतूनच निघाली.

शेतात आणि कारखान्यात आपण वापरतो ती बहुतेक मोटार इंडक्शन मोटार असते. बाहेरच्या स्थिर भागातल्या खाचांत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या बसवलेल्या असतात. त्यांत तीन फेजची वीज सोडली की आत एक चुंबकीय क्षेत्र गरगर फिरू लागते. मधल्या फिरत्या भागाला कोणतीही तार जोडलेली नसते. त्यात पट्ट्यांचा एक पिंजरा असतो. फिरत्या क्षेत्रामुळे या पिंजऱ्यात आपोआप वीज निर्माण होते आणि तो त्या क्षेत्राच्या मागे धावू लागतो. धावतो, पण त्याला कधीच गाठत नाही. गाठले तर पिंजऱ्यात वीज निर्माण होणार नाही आणि ओढ संपेल. म्हणून क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेत असताना भरल्या भाराची मोटार साधारण १४४० फेरे घेते. पाटीवर १५०० न लिहिता १४४० असा विचित्र आकडा का, याचे उत्तर हे आहे.

निकोला टेस्लाला अमेरिकेत या मोटारीची पेटंटे १८८८ साली मिळाली. त्याच सुमारास इटलीत गॅलिलिओ फेरारिस यानेही स्वतंत्रपणे हेच तत्त्व मांडले, आणि तीन फेजची पिंजऱ्याची मोटार डोलिवो-डोब्रोवोल्स्की याने जर्मनीत १८८९ साली बनवली. योगायोग असा की किर्लोस्कर समूहही आपली सुरुवात १८८८ सालापासूनच मोजतो. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावात आधी सायकलींचे दुकान होते. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आणि विजेच्या मोटारी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी १९४६ साली स्थापन झाली ती बंगळूरला. तेव्हा आमच्या या नियतकालिकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांना या घराण्यावर सारखाच हक्क सांगता येईल. असो.

आता पाटी. मोटारीच्या अंगावर एक लहानशी धातूची पट्टी रिव्हेट मारून बसवलेली असते. आमच्याकडे रंग देताना तिच्यावरूनही ब्रश फिरवण्याची पद्धत आहे. मोटारीची जन्मपत्रिका पुसण्याचाच हा प्रकार आहे. आमच्या मोटारीच्या पाटीवर ७.५ किलोवॅट, १० अश्वशक्ती, ४१५ व्होल्ट, १४.६ अँपिअर, १४४० फेरे, डेल्टा, एस-१, इन्सुलेशन वर्ग एफ, आयपी-५५ आणि भोवतालचे तापमान ४० अंश असे लिहिले आहे. प्रत्येक आकडा म्हणजे कारखान्याने घेतलेली हमी आहे, आणि त्या हमीला असलेली अटही आहे.

७.५ किलोवॅट ही मोटारीने दांड्यावर द्यायची शक्ती आहे. विजेच्या खांबावरून ती घेते ती शक्ती नव्हे. घेते ती याहून जास्त असते, कारण काही भाग उष्णतेत जातो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एस-१ म्हणजे हा भार घेऊन मोटार अखंड चालली तरी चालेल. आयपी-५५ मधला पहिला ५ धुळीसाठी आणि दुसरा पाण्याच्या फवाऱ्यासाठी. पिठाच्या गिरणीत, तंबाखूच्या वखारीत किंवा मागाखाली उघड्या जाळीची मोटार आणणे म्हणजे तिच्या नाकातोंडात मुद्दाम धूळ भरणे होय. पूर्वी अशा उघड्या मोटारी स्वस्त म्हणून पुष्कळ घेतल्या जात.

सर्वांत कमी वाचला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणजे इन्सुलेशनचा वर्ग. तांब्याच्या तारेवरचे वार्निश आणि खाचेतला कागद किती उष्णता सोसेल ते यावरून कळते. वर्ग बी १३० अंश, एफ १५५ अंश, एच १८० अंश. मोटार जळते म्हणजे तांबे जळत नाही, लोखंडही जळत नाही. जळतो तो हा पातळ थर. तो गेला की शेजारच्या दोन तारा एकमेकींना भिडतात आणि खेळ संपतो. अनुभवाने ठरलेला नियम असा आहे की सोसण्याच्या मर्यादेपेक्षा तापमान दर १० अंशांनी वाढले की या थराचे आयुष्य निम्मे होते. वीस वर्षे टिकायची मोटार २० अंश जास्त तापवून चालवली तर पाच वर्षांत जाते. मग ज्या दिवशी ती जाते त्या दिवसाला दोष देण्यात काय अर्थ आहे? आणि भोवतालचे ४० अंश ही अट घातली आहे ती विसरून चालणार नाही. आमच्या गिरणीला पत्रे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आत ४० च्या वर पारा जातो, म्हणजे भर उन्हाळ्यात ही १० अश्वशक्तीची मोटार पूर्ण १० अश्वशक्तीची राहत नाही.

निवडीविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. 'मोठी असलेली बरी' असे म्हणून पाचच्या जागी साडेसात आणि साडेसातच्या जागी दहा आणतात. पंपाचे गणित करून पाहू. समजा नदीतून सेकंदाला १० लिटर पाणी हवे आहे. शेत २५ मीटर उंचावर आहे आणि नळातल्या घर्षणाने आणखी ५ मीटर धरले, तर एकूण उंची ३० मीटर झाली. १० ला ३० ने आणि ९.८१ ने गुणले की २,९४३ वॅट येतात. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर दांड्यावर ४.९ किलोवॅट, म्हणजे सुमारे ६.६ अश्वशक्ती लागेल. साडेसातची मोटार पुरी झाली. दहाची आणली तर ती नेहमी दोन-तृतीयांश भारावर चालेल, तिचा पॉवर फॅक्टर घसरेल, तारांतून फुकटचा प्रवाह वाहील. पाणी वाढवायचे तर मोटारीऐवजी नळाकडे बघावे. तेवढेच पाणी तीन इंची नळाऐवजी चार इंचीतून नेले तर घर्षण जवळजवळ चौथाईवर येते. हे गणित मी चुलत्यांना करून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "आकडं बराबर असत्याल रे, पर शेजाऱ्यानं धाची बशिवल्यावर म्या साडेसातची कशी बशिवू?" या युक्तिवादाला अर्थशास्त्रात उत्तर असेल, माझ्याकडे नव्हते.

शेतीपंपाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हा वाणिज्यवाल्यांच्या प्रांतातली आहे. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला विजेचे बिल शेतकऱ्याला भरावे लागत नाही. मोटार निवडणारा एक आणि विजेचे पैसे भरणारा दुसरा. मग कार्यक्षम मोटारीसाठी चार हजार जास्त कोण मोजणार? शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण वाइंडिंगचे पैसे मात्र त्याच्याच खिशातून जातात, आणि ऊस वाळतो तोही त्याचाच.

गिरणीवाल्याची गोष्ट निराळी आहे. त्याला युनिटमागे पैसे पडतात. येथे मी आमच्या खतावणीच्या मागच्या पानावर केलेला हिशेब देतो. मोटारींचे कार्यक्षमतेनुसार आयई-१, आयई-२, आयई-३ असे वर्ग पाडलेले आहेत. भारतात त्यासाठी आयएस १२६१५ हे मानक आहे. ७.५ किलोवॅटच्या, चार ध्रुवांच्या मोटारीची कार्यक्षमता आयई-१ वर्गात ८६ टक्के, तर आयई-३ वर्गात ९०.४ टक्के असते. फरक साडेचार टक्क्यांचाही नाही. पण गिरणी दिवसाला ६ तास आणि वर्षाला ३०० दिवस पूर्ण भारावर चालली असे धरले, तर पहिली मोटार १५,६९८ युनिट खाते आणि दुसरी १४,९३४. वर्षाला ७६४ युनिट वाचले. हिशेबापुरता ७ रुपयांचा दर धरला तर ५,३४८ रुपये झाले. मोटारीची किंमत एकदा द्यायची आहे, वीज मात्र दरसाल. याच दराने पहिल्या मोटारीचे वर्षाचे वीजबिल १,०९,८८६ रुपये होते. म्हणजे मोटारीच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट रक्कम ती एका वर्षात विजेच्या रूपाने गिळते, आणि आपण घासाघीस करतो ती दुकानात पाचशे रुपयांवर!

अर्थात आमची गिरणी वर्षभर पूर्ण भारावर चालत नाही. आमच्यासाठी बचत याच्या निम्मीच धरावी लागेल. तरीही जुनी मोटार तिसऱ्यांदा जळली तर वाइंडिंग करू नये, नवीच घ्यावी, असे मी आप्पांना सुचवले आहे. वाइंडिंगने मोटार पुन्हा पहिल्यासारखी होते, पण ते नीट केले तरच. जुन्या गुंडाळ्या काढण्यासाठी काही ठिकाणी मोटारीचा सांगाडा उघड्या जाळावर भाजतात. त्याने आतल्या लोखंडी पत्र्यांवरचा विरोधक थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, आणि त्यानंतर मोटार रिकामी चालली तरी जास्त तापते. तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या मूळची तीच हवी. वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणे टाळले तर गुंडाळी सैल राहते आणि थरथरून आपलाच थर घासून टाकते. आमचे मामा यांतले काहीही चुकवत नव्हते, हे मला नंतर कळले.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. मोठी मोटार एकदम चालू केली की ती सुरुवातीला पाटीवरच्या प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. हे टाळण्यासाठी स्टार-डेल्टा स्टार्टर वापरतात. आधी गुंडाळ्या स्टारमध्ये जोडल्या जातात. तेव्हा प्रवाह एक-तृतीयांश होतो, पण मोटारीचा जोरही एक-तृतीयांशच होतो. वेग आला की स्टार्टर त्यांना डेल्टात टाकतो. म्हणून गिरणीत जात्याचे दगड सैल करूनच मोटार सुरू करायची आणि डेल्टा पडल्याचा 'खट' आवाज आल्यावरच दाब द्यायचा. ही शिस्त आप्पांनी मला लहानपणीच लावली होती.

याच स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले नावाची एक डबी असते. मोटार ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह घेऊ लागली की आतल्या पट्ट्या तापून वाकतात आणि मोटार बंद पडते. किती प्रवाहाला बंद पडायचे ते एका लहान चकतीवर लावता येते. आमच्या स्टार्टरवर तो आकडा, मूळ बसवणाऱ्याने लावल्याप्रमाणे, ९ च्या जरा आत होता. संध्याकाळी व्होल्टेज पडले की आमचा रिले वारंवार पडायचा. मी तेव्हा नुकताच बारावी झालो होतो आणि मला इंग्रजी पाटी वाचता येते याचा थोडा ताठाही होता. मी आप्पांना म्हणालो, "पाटीवर १४.६ लिवलंय आणि हितं नऊ लावलंय. मग पडणारच की." आप्पांना ते पटले. न पटायला काय झाले? आकडा समोर छापलेला होता. मीच पेचकस घेऊन चकती १५ वर नेली. रिले पडायचा थांबला. दोन महिन्यांनी दिवाळी आली.

चूक काय होती ती अशी. डेल्टा जोडणीत खांबावरून येणारा प्रवाह दोन गुंडाळ्यांत विभागला जातो. म्हणून बाहेरच्या तारेत १४.६ अँपिअर असताना प्रत्येक गुंडाळीत त्याच्या ५८ टक्के, म्हणजे सुमारे साडेआठच अँपिअर असतात. आमच्या स्टार्टरमध्ये, आणि अशा पुष्कळ स्टार्टरमध्ये, रिले बाहेरच्या तारेवर नसतो. तो गुंडाळीच्या वाटेवर असतो. त्याला पाटीवरचा आकडा दाखवून चालत नाही, त्याच्या ५८ टक्के दाखवावा लागतो. मूळ बसवणाऱ्याने तेच केले होते.

आता समजा डीपीवरचा एक फ्यूज उडाला आणि तीनपैकी एक फेज गेला. फिरती मोटार थांबत नाही, गुरगुरत चालूच राहते. तेवढेच काम दोन तारांवर करायचे म्हणून प्रत्येक तारेतला प्रवाह सुमारे १.७३ पट होतो, १४.६ चे २५ होतात. त्यातला दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे १६.८ अँपिअर, एकाच गुंडाळीतून जातो. जिथे साडेआठ जायचे तिथे जवळजवळ दुप्पट! प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. रिले साडेआठवर असता तर दुप्पट प्रवाह पाहून तो काही मिनिटांतच पडला असता. पण १५ वर लावलेल्या रिलेला १६.८ म्हणजे केवळ बारा टक्के जास्त वाटले. असा रिले वीस टक्के जास्त प्रवाहालाही पडायला दोन तासांपर्यंत वेळ घेऊ शकतो. बारा टक्क्यांवर तो पडेलच अशी खात्री नसते. इतक्या वेळात आतले वार्निश करपून गेले. हल्लीच्या चांगल्या रिलेत एक फेज गेल्याचे ओळखण्याची वेगळी सोय असते. आमचा स्टार्टर जुना होता.

हे मी शोधून काढले असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. दुसऱ्या वाइंडिंगनंतर मोटार बसवायला मामा स्वतः आले. आप्पा त्यांच्याशी बोलत नव्हते. मामांनी चिमट्यासारखा मीटर काढून आधी खांबाकडून येणाऱ्या तारेला लावला. १३ अँपिअर आले. मग मोटारीकडे जाणाऱ्या सहा तारांपैकी एकीला लावला, साडेसात. मग त्यांनी स्टार्टरचे झाकण काढले, चकतीकडे पाहिले आणि विचारले, "ह्यो पंधरा कुणी लावला?"

मी गप्प राहिलो. आप्पा म्हणाले, "म्या लावला." खरे तर तो मी लावला होता, आणि ते मी त्याच दिवशी मामांच्या दुकानात जाऊन त्यांना सांगितले. त्यांनी मला एक कागद देऊन तीन गुंडाळ्यांचा त्रिकोण काढायला सांगितला, आणि प्रवाह कसा फुटतो ते माझ्याकडूनच काढून घेतले. १.७३ हा आकडा त्यांना वर्गमूळ म्हणून माहीत नव्हता. 'पावणेदोनला जरा कमी' म्हणून माहीत होता. अडवलेले दीड हजार आप्पांनी दुसऱ्या दिवशी माझ्याच हाती पाठवले.

प्रत्येक स्टार्टरमध्ये रिले असाच असतो असे मात्र समजू नये. लहान मोटारींच्या थेट स्टार्टरमध्ये तो बाहेरच्याच तारेवर असतो, आणि तिथे पाटीवरचाच आकडा लावायचा. झाकणाच्या आत चिकटवलेल्या नकाशात ते दाखवलेले असते. नकाशा न पाहता चकतीला हात लावू नये, आणि मुख्य स्विच काढल्याशिवाय झाकणाला तर मुळीच लावू नये.

कमी व्होल्टेजविषयी दोन शब्द. मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ४१५ च्या जागी ३५० मिळाले, तर व्होल्टेज १६ टक्के कमी झाले पण जोर मात्र ७१ टक्क्यांवर आला. भार तोच असेल तर चालती मोटार कमी झालेल्या व्होल्टेजची भरपाई जास्त प्रवाह घेऊन करते, म्हणजे तापते. तीन फेजांत असमतोल असणे तर त्याहून वाईट. व्होल्टेजमधला एक-दोन टक्क्यांचा फरक प्रवाहात सहा ते दहा पट होऊन उतरतो. अशा वेळी रिले पडत असेल तर तो मोटार वाचवत असतो. आम्ही त्याचे तोंड बंद केले होते.

निगा राखण्याचे काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते होत नाही. मोटारीच्या मागच्या पंख्याची टोपी आणि अंगावरच्या कंगोऱ्यांच्या फटी आमच्याकडे दर शनिवारी कोरड्या ब्रशने साफ होतात. त्या फटींतून हवा खेळावी म्हणूनच त्या ठेवलेल्या असतात. पीठ बसून त्या भरल्या की मोटारीने रजई पांघरल्यासारखे होते. मागाखालच्या मोटारीला कापसाची तूस अशीच चिकटते. त्यात मागाची मोटार पुन:पुन्हा बंद-चालू होते, म्हणून मागासाठी वेगळ्या घडणीच्या मोटारी मिळतात. इचलकरंजीला विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या भागाला मागाचा परिचय आहे. त्याच्या मोटारीचा तेवढा आहे असे वाटत नाही.

बेअरिंगला ग्रीस कमी पडले तर वाईट, हे सर्वांना माहीत असते. जास्त झाले तरी वाईट, हे फार थोड्यांना माहीत असते. डबी गच्च भरली की ग्रीस घुसळले जाऊन तापते, पातळ होते आणि गुंडाळ्यांवर उतरते. पोकळीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पुरे. बेअरिंग बदलताना जुन्याचा क्रमांक पाहून घ्यावा. त्यात एक गंमत आहे. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की दांड्याची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. ६३०८ असेल तर ४० मिलिमीटर. (०४ पासून पुढच्या क्रमांकांनाच हे लागू आहे.) मामा पेचकसाचे टोक बेअरिंगच्या झाकणावर आणि मूठ कानाला लावून ऐकतात. एकसारखी घूं असेल तर ठीक. कडकड किंवा शिट्टी असेल तर दिवस भरले. पट्टा अवाजवी ताणला तर पहिले बेअरिंग तोच खातो.

हात लावून मोटार तापली की नाही हे ठरवू नये. आजच्या मोटारीचे अंग ७० अंशांवर असणे बिघाडाचे लक्षण नाही, आणि हात तर त्याच्या आधीच मागे येतो. त्याऐवजी चिमटामीटरने तिन्ही तारांचा प्रवाह पाहावा; तिन्ही सारखे आणि पाटीच्या आत असले की काळजी नाही. पावसाळ्यात दूधगंगेला पूर येतो आणि काठावरच्या मोटारी पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावर अशी मोटार लगेच चालू करणे म्हणजे ती हाताने जाळणे. आधी उघडून वाळवावी. सांगाड्यात दिवा लावून ऊब देतात. मग ५०० व्होल्टच्या मेगरने गुंडाळी आणि सांगाडा यांमधला विरोध मोजावा. एक मेगओमच्या खाली असेल तर आणखी वाळवावी. आणि अर्थिंगची तार तुटलेली असेल, तर मोटार चालते आहे म्हणून ती तशीच चालवू नये.

हल्ली खतावणीच्या मागच्या पानावर मी महिन्यातून एकदा व्होल्टेज, तिन्ही तारांचे अँपिअर आणि ग्रीस घातल्याची तारीख लिहितो. रिले आता साडेआठवर आहे आणि त्याच्या जोडीला फेज गेल्यावर मोटार बंद करणारे एक लहान यंत्र बसवले आहे. गेल्या दिवाळीत रिले दोनदा पडला. दुसऱ्या वेळी डबे पुष्कळ होते आणि आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी जात्याचा दाब थोडा कमी केला, दहा मिनिटे थांबून बटण दाबले. दळण संपायला त्या रात्री साडेअकरा वाजले.